चौथ्या मजल्यावरचा शॉवर

पप्पा, आपल्या घराला पंप लागलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे काय चिडायचंय ते चिडून घ्या आणि मग उरलेलं शांतपणे ऐका. मोरीत नाही लावला, वर टेरेसवर लावलाय, टाकीच्या बाजूला, पत्र्याच्या पेटीत, आणि आईच्या मते त्याचा आवाज तुमच्या घोरण्यापेक्षा कमी आहे. सकाळी नळ सोडला की वर घुंई होतं आणि आई ओट्याजवळून म्हणते, "इलो." जसा काय कोणी पाहुणा चार मजले चढून आला. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, आता बसमध्ये लोक मला मॅडम म्हणतात. मधल्या वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं बरंच झालं, डिग्री झाली, गोष्टी छापून आल्या, एक प्रेम फुकट गेलं, पण लिहायला बसले ते ह्या पंपासाठी. कारण ह्यातलं तुम्हाला कळेल. म्हणजे, कळलं असतं. बघा, तुमच्याशी बोलताना मला काळसुद्धा नीट धरता येत नाही.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही गोरेगावच्या स्टुडिओत लागलात आणि पाऊस पाडायला शिकलात. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात, मी म्हटलं पाऊस पाडतात, आणि सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. ते मी घरी येऊन रडत सांगितलं म्हणून तुम्ही मला मढला घेऊन गेलात. शूटिंगला भाड्याने देतात तसला बंगला, मागे समुद्र, जानेवारीतली सकाळ, अंगात स्वेटर. तुम्ही टँकरवर उभे आहात आणि ओरडताय, "प्रेशर दे रे!" वर बांबूंवर आडवे पाइप बांधलेत, त्यांना भोकं तुम्ही स्वतः पाडलेली. पंप धडधडतो, पाइप थरथरतात, आणि एका बंगल्यापुरता पाऊस सुरू होतो. भिंतीपलीकडे बायका बोंबील वाळत घालतायत, तिकडे थेंब नाही. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला त्या पाइपाखाली उभं केलंत आणि मी किंचाळले, कारण पाऊस गरम होता! हिरोइनला सर्दी झाली होती, म्हणून जवळून घ्यायच्या शॉटपुरतं तुम्ही एका पिंपात उकळलेलं पाणी मिसळलं होतं. मी डोकं वर करून तोंड उघडून उभी आहे, आणि तुम्ही लाइटवाल्याला सांगताय, "मागून मार उजेड, नाहीतर पाऊस दिसत नाय." त्या दिवसानंतर वर्गात कोण हसलं ह्याचं मला काही वाटलं नाही. माझ्या बापाला गरम पाऊस पाडता येत होता, यार. कोणाच्या बापाला येतो?

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, आणि तिने तुमच्या ताटात भात वाढता वाढता म्हटलं, "तिच्या डोक्यार गरम पाऊस. आणि माज्या नळाक मुंगळ्यांची रांग." तुम्ही कढी ढवळत बसलात. आई खोटं बोलत नव्हती ना. टाकी आपल्या छपरावरच, मग पाण्याला पडायला उंची कुठली? तळमजल्याला धो धो, पहिल्याला झकास, आणि आपल्या नळातून ती रांग. गिझरमधून तर आणखी बारीक, बालदी भरेपर्यंत वरचं पाणी गार. त्यात खालच्या कोणी नळ सोडला की आपली धार मधेच तुटायची. म्हणून तर तुम्ही ती पद्धत पाडलीत. सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, तर ज्याच्या डोक्याला साबण असेल त्याने डक्टमध्ये ओरडायचं, "नळ धरा!" आणि खालच्यांनी आपापले नळ थोडा वेळ बंद करायचे. बाहेरचं कोणी राहायला आलं की त्यांना हे सांगावं लागतं, ते आधी हसतात, मग एक दिवस त्यांच्याही डोळ्यात साबण जातो. आपल्या बिल्डिंगमध्ये कोणाला कुठल्या दिवशी इंटरव्ह्यू आहे, कोणाला बघायला पाहुणे येणार आहेत, हे सगळ्यांना डक्टमधून कळायचं. "नळ धरा, आज मुलाकडचे येतायत!" आणि खालून, "धरलाय गं! नीट घास!"

आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गुपचूप त्यांच्या मोरीत पंप बसवला. तुम्हाला एका सकाळीत कळलं. आपला नळ नुसता फुसफुसला, आणि तुम्ही टॉवेल गुंडाळून, अंगाला फेस, तसेच दोन मजले खाली उतरलात. सेक्रेटरी तुम्हीच होतात तेव्हा. पंप निघाला आणि टेरेसच्या दारावर तुम्ही लाल रंगाने लिहिलंत: पाण्याच्या लाइनवर पंप लावायला सक्त मनाई. रंग ओघळला, म्हणून "मनाई"ला खाली दाढी आल्यासारखी दिसते. अजून आहे ती दाढी. पुढे स्टुडिओतून पंपाची एक जुनी मोटर मोडीत निघाली आणि तुमच्या दोस्ताने ती आपल्या घरी आणून ठेवली. आईने ती ओल्या फडक्याने पुसली. मला आठवतंय, ती पुसताना गुणगुणत होती. तुम्ही संध्याकाळी आलात, बघितलीत, आणि तशीच उचलून परत घेऊन निघालात. मी मधे आले, "लावा ना पप्पा, तुम्हाला तर येतो लावता," आणि तुम्ही माझ्यावर कधी नाही तो आवाज चढवलात. "पंप पाणी बनवतो काय? खालच्याच्या नळातून ओढतो. कोणाला साबण लावून उभं ठेवायचंय तुला?" आईने ओलं फडकं पिळून दांडीवर टाकलं.

आता ऐका, पंप का लागला ते. दोन वर्षांपूर्वी आई जिन्यावरून पडली. उजवा खांदा मोडला, आत स्टीलची पट्टी घातली, हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. चपात्या करते, शिवणाचं मशीन चालवते, मला शिव्या घालते, सगळं करते. फक्त डोक्यावर पाण्याचा मग ओतता येत नाही. एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्याने केस चोळायचे, त्यातला एक हात तिच्याकडे नाही. म्हणून रविवारी मी तिला न्हाऊ घालायला लागले. ती स्टुलावर बसते, परकर छातीवर बांधून, तोंड भिंतीकडे. दार अर्धं उघडं, कारण मोरीत आम्ही दोघी मावत नाही, माझा एक पाय बाहेरच. पप्पा, तुम्हाला माहितीय आई कशी आहे. साडी बदलताना ती पंख्याकडेसुद्धा पाठ करते. ती बाई माझ्यासमोर मान खाली घालून बसायची आणि एक अक्षर बोलायची नाही. एरवी तोंडाला खळ नाही, आणि तिथे गप्प. मग एका रविवारी म्हणाली, "कापून टाक गो केस. कटकट तरी जायत." कमरेपर्यंतचे केस. मी कात्री आणली नाही, वर बघितलं. भिंतीवर शॉवर होता, तुम्ही फ्लॅट घेतला तेव्हापासून, त्याला कधी पाणी आलं नव्हतं. ह्याला जोरात गरम पाणी आलं तर हिला माझी गरज नाही. ती नुसती खाली उभी राहील आणि डाव्या हाताने चोळेल. दार लावून.

मग मी पहिली माती खाल्ली. गिझर बदलला. दुकानात गेले, सगळ्यात मोठा, उंच बिल्डिंगवाला, समोर लाल आकडे दिसणारा घेतला, आणि कौतुकाने आईला बोलावून नळ सोडला. तीच मुंगळ्यांची रांग. आकडे मात्र लाल. आई म्हणाली, "छान आसा. घड्याळ म्हणून ठेव." तुमची मुलगी असून मला हे कळायला नको होतं? गिझर पाणी तापवतो, ढकलत नाही. ढकलायला उंची लागते, नाहीतर पंप. तुम्ही टँकरवरून "प्रेशर दे रे" का ओरडायचात ते मला त्या दिवशी कळलं, ओल्या फरशीवर, आई हसत असताना. प्लंबर आणला. तो पाइप वाजवून म्हणाला, आतून गंजून बुजलेत, हे सगळे बदला, आणि वर प्रेशर पंप टाका, गिझर तुमचा झेलेल. मी म्हटलं, पंपाला मनाई आहे. तो म्हणाला, "किसने लिखा है?" मी म्हटलं, माझ्या बापाने.

बरेच दिवस मी तुमच्याशी भांडत फिरले. स्टेशनवरून चालत येताना, भाजी घेताना. तुम्ही म्हणायचात, खालच्याच्या नळातून ओढतो. मी म्हणायचे, ओढेल कसा, लाइनवर लावलाच नाही तर? आणि तिथे एकदम थांबले, मेथीची जुडी हातात. लाइनवर लावायचाच नाही. टाकीला वेगळं भोक पाडायचं, तिथून आपला स्वतंत्र पाइप, त्यावर पंप, आणि सरळ आपल्या मोरीत. उभ्या लाइनशी संबंधच नाही. कोणाच्या नळातलं घेणार नाही, टाकीतलं आपल्या वाट्याचं तेवढंच घेणार. प्लंबरला विचारलं. तो म्हणाला, होतं की, पण सोसायटीची परवानगी लागेल.

आणि सेक्रेटरी आता कोण? दुसऱ्या मजल्यावरचे तेच काका. कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग झाली. मी उभी राहिले, चित्र काढून नेलं होतं, टाकी, पाइप, बाण. काकांनी ते बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या पप्पांनी माझा पंप काढायला लावला," ते म्हणाले. "मी काय मजा म्हणून लावला होता? माझी आई अंथरुणाला होती तेव्हा. तिचं सगळं बसल्या जागी करावं लागायचं. मी हात जोडले त्यांना. म्हणाले, नियम सगळ्यांना. मग आता तुला पण." पप्पा, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही फेसाने माखलेले खाली उतरलात एवढंच आपल्या घरात सांगितलं जायचं, आणि सगळे हसायचे. मी तिथे सगळ्यांसमोर उभी, हातात ते बाणांचं चित्र, आणि मला दोन्हीकडचं बरोबर वाटत होतं. मी म्हटलं, "काका, तुमचा पंप लाइनवर होता, तो आमच्या नळातून हवा ओढायचा. नियम बरोबर होता. पण टाकीवरून वेगळी लाइन काढू या, असं पप्पांनी तुम्हाला सुचवायला हवं होतं. त्यांना पंपातलं कळायचं. नाही सुचवलं." बापाबद्दल असं चारचौघांत बोलले मी.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आई उठली. मीटिंगमध्ये ती आजपर्यंत चहाशिवाय कशासाठी उठली नव्हती. म्हणाली, "माका माज्या हातान न्हावचा आसा." कोणी हसलं नाही. "पोरगी न्हाऊ घालता माका. मी काय तान्हा पोर आसंय?" आणि बसली. पंख्याकडे पाठ करणारी बाई, पप्पा. सगळ्या बिल्डिंगसमोर. मला एवढा अभिमान वाटला की मी चित्राची सुरळी करून करून त्याची पुंगळी केली. तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी म्हणाल्या, "अरे लावू दे रे तिला, काय पोलीस लागलास?" काकांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "टेस्ट करू. सगळे नळ सोडायचे आणि वर पंप चालू करायचा. एका जरी घरात पाणी कमी आलं तर त्याच दिवशी काढायचा. बापासारखी शब्दाची पक्की असशील तर."

जुने पाइप निघाले, नवे आले, टाकीला भोक पडलं. टेस्टच्या सकाळी सगळी बिल्डिंग आपापल्या मोरीत उभी होती, हे चित्र डोळ्यापुढे आणा. मी शॉवर सोडला. वर घुंई झालं आणि त्या गंजलेल्या जाळीतून गरम पाणी असं सुटलं की समोरच्या भिंतीवरचा साबण पडला! मी डक्टमध्ये ओरडले, "आहे का पाणी?" तळमजल्यावरून, "आहे!" पहिल्यावरून, "आहे, आहे!" आणि तिसऱ्यावरून आंटींची किंकाळी. "अगो बाय! माझ्या संडासात गरम पाणी! फ्लशमधून वाफ!" काकांचा आवाज आला, "बंद कर! बंद कर पंप! सांगितलं होतं मी!" मी शॉवर बंद करतेय, आणि प्लंबर वरून येऊन म्हणतो, "मैं बोला था ना मिक्सर का लफडा होगा." तो काहीही बोलला नव्हता. त्याने पंपाची लाइन फक्त गिझरला दिली होती, गार पाण्याची जुन्या उभ्या लाइनवरच ठेवली होती. मग मिक्सरमध्ये, म्हणजे गार-गरम मिसळणाऱ्या नळात, गरमाने गाराला ढकललं, आणि आपलं गरम पाणी उलटं, थेट आंटींच्या संडासात. मी डक्टमध्ये तोंड घालून सगळ्यांना समजावलं, काका, चूक जोडणीतली आहे, पंपातली नाही, दुपारपर्यंत द्या. आंटी म्हणाल्या, "माझं काय, हिवाळ्यात राहू दे असंच." डक्टभर हसू. काका हसले नाहीत, पण "दुपारपर्यंत," म्हणाले.

दुपारी गारसुद्धा नव्या लाइनवर घेतलं, पाणी उलटं जाऊ नये म्हणून एक व्हॉल्व्ह टाकला, आणि आपल्या मोरीचं जुन्या लाइनचं तोंड कायमचं बुजवलं. आता ऐका. पुन्हा सगळे उभे, सगळे नळ सुरू, वर घुंई. तळमजला, "आहे!" पहिला, "आहे!" आंटी, "गार आहे, शी!" दुसऱ्या मजल्यावरून काही नाही. मी हाक मारली. काही नाही. मी पुन्हा हाक मारली, "काका?" मग त्यांचा आवाज आला, हळू, जवळजवळ स्वतःशीच. "जास्त येतंय गं. बालदी भरली पण." आपलं घर त्या लाइनवरून उतरलं होतं ना, पप्पा. जे आपण इतकी वर्षं ओढत होतो ते खालच्यांना सुटलं. मला हे सुचलंच नव्हतं, चित्रात नव्हतं ते. तुमचा नियम मी मोडला नाही. त्यात जे पाणी अडकलं होतं ते वाटून टाकलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय, आणि सांगताना छाती बघा माझी. काकांनी खालून एवढंच म्हटलं, "राहू दे पंप." आणि त्यांच्या खिडकीचा आवाज आला, लावून घेतल्याचा.

मग रविवार आला. आईने सकाळपासून शिकेकाई भिजवून ठेवली होती. मी सवयीने स्टूल उचललं, तर तिने ते माझ्या हातून घेतलं, बाहेर ठेवलं, आत गेली, आणि कडी लावली. वर घुंई झालं. आत पाणी असं कोसळायला लागलं की मला एक क्षण मढ आठवलं, पण ते जाऊ दे, हे तिचं होतं. दाराखालून वाफ यायला लागली, शिकेकाईचा वास, आणि तिचा आवाज. बोलत होती ती. मोरीत गप्प बसणारी बाई आत एकटी बोलत होती, नळाला, केसांना, कोणाला तरी, पाण्यात शब्द कळत नव्हते, तक्रारीचा सूर होता आणि खूश होती. मी बाहेर कोरड्या हातांनी उभी. ओल्या केसांना किती वजन असतं ते मला पाठ झालं होतं. मानेवर, जुन्या देवीच्या व्रणाखाली, एक तीळ आहे तिला, तो मला त्या रविवारांतच सापडला होता, आणि आता तो पुन्हा दाराआड गेला होता. एकदम आतून आवाज आला, "थयच उबी आसस मां? जा. माका कोण नको."

मी म्हटलं, "गेले."

आणि पाणी बंद होईपर्यंत तिथेच उभी राहिले. हे पत्र कुठे जाणार नाहीये, म्हणून लिहिलं. तिला सांगू नका.